पिशवीतली दोन वजने

आपले वाडवडील कोकणात तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. तेल विकणाऱ्याची अब्रू त्याच्या मापात असते. पिशवीत एक जड व एक हलके अशी दोन वजने बाळगू नयेत, अशी तोरामध्ये आज्ञाच आहे. ही आज्ञा फक्त दुकानदारासाठी, असे आम्हांला वाटे. तिचा खरा अर्थ दुबईत एका प्रयोगशाळेत नोकरी करताना कळला.

अमिरातीत पिण्याचे पाणी बहुतांशी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळते. पाणी, अन्न, सोने, सिमेंट, सगळ्याची तपासणी होते. पण तपासणाऱ्याला कोण तपासणार? त्यासाठी प्रावीण्य चाचणी असते. एकाच पाण्याच्या सारख्या बाटल्या अनेक प्रयोगशाळांना पाठवितात. आत शिसे किती, हे सांगत नाहीत. प्रत्येकीने आपला आकडा कळवायचा. ठरलेल्या मूल्यापासून तो किती दूर, यावर गुण मिळतो. गुण दोनच्या आत असला तर ठीक, दोन ते तीन म्हणजे सावधान, त्यापुढे म्हणजे चूक शोधा. १९४०च्या दशकात अमेरिकेत बेल्क आणि संडरमन यांनी पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना असे सारखे नमुने दिले, तेव्हा उत्तरांतली तफावत पाहून सारेच चकित झाले. आज आयएसओ १७०२५ या प्रमाणाची मान्यता हवी असेल, तर अशा तुलनेत उतरावे लागते.

आमच्याकडे ही बाटली आली की धावपळ उडे. सर्वांत अनुभवी माणूस बसे, प्रमाण द्रावण ताजे बनविले जाई, पाचपाच वेळा मोजणी होई. एकदा गुण ०.४ आला आणि मिठाई वाटली गेली. त्याच आठवड्यात एका लेबर कॅम्पच्या टाकीतले पाणी आले. ते आम्ही रोजच्या द्रावणावर एकदाच मोजले. शिसे लिटरला ९ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १०. 'योग्य' लिहून सही केली.

रात्री झोप लागेना. ते पाणी पिणारे आपल्याच मुलखातले गवंडी आणि सुतार. दुसऱ्या दिवशी ताज्या द्रावणावर पाच वेळा मोजले. आकडा ११ आला! साहेबांची बोलणी खाऊन सुधारित अहवाल पाठविला.

आम्ही खोटे बोललो होतो का? दोन्ही आकडे मोजूनच लिहिले होते. तरी पिशवीत दोन वजने होतीच, एक परीक्षकासाठी आणि एक मजुरासाठी. कोणी म्हणेल, जास्त काळजी घेणे हे काय पाप आहे? नाही. पण प्रत्येक नमुना पाच वेळा मोजणे परवडत नसेल, तर परीक्षेचा नमुनाही एकदाच मोजावा आणि आपण रोज कसे आहोत ते दिसू द्यावे. काही जण शेजारच्या प्रयोगशाळेला फोन करून आकडा जुळवून घेतात. मग दोघांचे एकमत होते आणि खरे काय ते कोणालाच कळत नाही.

पुढची बाटली आम्ही हट्टाने इतर नमुन्यांच्या रांगेत ठेवली. गुण आला उणे २.३. साहेब रागावले, पण शोध सुरू झाला. रोजच्या प्रमाण द्रावणाची मुदत केव्हाच उलटून गेली होती. ते बदलले. त्या वेळी मिठाई कोणी वाटली नाही. पण त्या दिवसापासून मजुराचे पाणी आणि परीक्षकाचे पाणी आमच्याकडे एकाच मापाने मोजले गेले.

वाचकहो, आपण आज लोदला असू, लंडनला असू की दुबईला. घाणा गेला, पण माप आपल्या हाती आहेच. आपल्या पिशवीत वजने किती आहेत, हे एकदा ज्याने त्याने पाहावे.