वऱ्हाडातून बर्लिनला

युरोपातली रग्बी खेळणारी काही शाळकरी पोरं हल्ली शुक्रवारी शेजारच्या देशात जातात, सामने खेळतात आणि सोमवारी वर्गात हजर! आपल्या भागातल्या तरुणांनी परदेशाची वाट धरली तेव्हा मात्र युरोप गाठायला बोटीने काही आठवडे लागत.

साल १९३६. त्या वर्षी ३० एप्रिलला गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वर्धा नदीपलीकडच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनमध्ये होता. पदकासाठी नव्हे, आपले खेळ जगाला दाखवण्यासाठी.

एरंडेल चोळलेला गुळगुळीत खांब, लंगोट कसलेले तरुण आणि मांडीच्या पकडीवर तोललेलं सगळं शरीर. हा आपला मल्लखांब. जोडीला कबड्डी. रग्बीसारखीच धरपकड, पण चेंडूविना आणि एका दमात!

याच कबड्डीला पुढे आशियाई स्पर्धेत पदकाचा मान मिळाला तो १९९० साली, बीजिंगला.

१९१४ साली स्थापन झालेलं ते मंडळ आजही सुरू आहे. वर्ध्यातल्या शिक्षकांनो, यंदाच्या सहलीत मुलांना अमरावतीचा हा आखाडा जरूर दाखवा.