राखणदाराची जागल

तत्त्वज्ञान हा माझा विषय नव्हे. मी बी.कॉम. आहे, आणि तेही दुसऱ्या वर्गात. आमच्या शास्त्रात जग दोनच भागांत वाटलेलं असतं, डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा. दोन्हींची बेरीज जुळली की आत्मा शांत होतो. नाही जुळली तर रात्री आठपर्यंत थांबावं लागतं.

तरीही एक सुभाषित मला कॉलेजात पाठ करावं लागलं होतं. ऑडिटिंगच्या पेपरात ते हमखास पाच मार्कांना यायचं. १८९६ साली इंग्लंडात किंग्स्टन कॉटन मिलचा खटला गाजला. त्यात न्यायमूर्ती लोप्स यांनी सांगून ठेवलं, की हिशेबतपासनीस हा राखणीचा कुत्रा असतो, माग काढत हिंडणारा शिकारी कुत्रा नव्हे. मी ते पाठ केलं, पाचांपैकी साडेतीन मार्क मिळवले आणि रीतीप्रमाणे विसरून गेलो. पण राखणीचा कुत्राच एके सकाळी घरधन्याला घरात येऊ देईना, तर काय करावं? हे लोप्ससाहेबांनी सांगितलेलं नाही. सिलॅबसमध्येही नव्हतं. हा प्रश्न पडायला मला रोहण्याला यावं लागलं.

रोहणा हे वर्धा जिल्ह्यातलं, आर्वी तालुक्यातलं गाव. पुलगावहून आर्वीला जाणारी लहान गाडी एके काळी या भागातून धावायची. ती कधीच बंद पडली. आता एस.टी. आहे, मोटारसायकली आहेत आणि आमची बँक आहे. बाकी शिवारात कापूस, तूर, सोयाबीन. आणि ते खायला रानडुकरं आणि रोही. त्यामुळे राखण म्हणजे काय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पीक उभं राहिलं की माणसं रात्री जागलीला जातात. हल्ली पुष्कळांनी कुंपणाला झटका मशीन लावलं आहे. तारेला डुक्कर लागलं की त्याला झटका बसतो. माणूस लागला तरी बसतो. आमचे एक खातेदार पहाटे स्वतःच्याच शेतात शिरताना स्वतःच्याच तारेला लागले. आठ दिवस ते बँकेत आले की माझ्या काउंटरच्या पितळी पट्टीलासुद्धा हात लावायच्या आधी विचारायचे, "यात करंट नाही ना साहेब?"

मी हसलो होतो. दुसऱ्याच्या कुंपणाला हसू नये.

जून महिना, पेरणीचे दिवस. सगळं गाव बँकेत. बियाण्याला पैसे पाहिजेत, खताला पाहिजेत, आणि सगळ्यांना पहिल्या पावसाच्या आत पाहिजेत. अशा मुहूर्तावर माझ्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरमधल्या अँटिव्हायरसची नवी आवृत्ती आली. आदल्या दिवशी संध्याकाळी पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवला. त्याचं म्हणणं असं, की जुना राखणदार म्हातारा झाला, नवा ठेवू का? मला घरी जायची घाई होती. मी 'हो' म्हटलं. लग्नापासून मला ती सवय आहे.

सकाळी मशीन सुरू केलं. खिडकीचं चित्र आलं, खाली ठिपके गोलगोल फिरले, आणि एकदम निळा पडदा. त्यावर एक रडवेला चेहरा. मग अंधार, मग पुन्हा खिडकी, पुन्हा ठिपके, पुन्हा निळा पडदा. मधूनच एखाद्या खेपेला 'मी माझी दुरुस्ती आपणच करतो आहे' असं इंग्रजीत सांगायचं. ती दुरुस्ती करून झाली की दुप्पट जोमाने रडायचं. एक जानेवारीला मी व्यायामाचा संकल्प सोडतो, त्याची मला फार आठवण झाली.

आमचे शिपाईदादा मोठे पद्धतशीर. त्यांनी पैसे काढायच्या एका स्लिपच्या पाठीवर रेघा मारायला घेतल्या. "साहेब, तेरावी खेप." रांगेतून सल्ले सुरू झाले. एकाने बॅटरी काढून पुसायला सांगितली. दुसऱ्याने उदबत्ती लावायला सांगितली. तिसरा म्हणाला, त्याला आराम पाहिजे असंन, रविवारीही तुम्ही त्याला बंद नाही करत. हा सल्ला त्यातल्या त्यात शास्त्रीय होता.

मी मदत केंद्राला फोन लावला. वीस मिनिटं सतार ऐकली. मग एक गोड आवाज म्हणाला, "सर, आपण रिस्टार्ट करून पाहिलं का?"

"अहो, सकाळपासून ते दुसरं काही करतच नाही!"

"मग सर, तुमची तक्रार नोंदवून घेते. मशीनमध्ये जाऊन पडद्यावरचा आयडी सांगता का?"

मशीनमध्ये जाता येत नाही हीच तक्रार आहे, हे मी तीन पद्धतींनी सांगितलं. तक्रार नोंदवायला आत जायला हवं, आणि आत जायला तक्रार निवारायला हवी. आमच्याकडे जन्माचा दाखला मागायला आलेल्या माणसाकडे कचेरीत जन्माचा पुरावा मागतात, त्यातलाच प्रकार.

दुपारी पुलगावहून एक पोरगा मोटारसायकलवर आला. वय तेवीस-चोवीस, खांद्याला पिशवी. त्याने पाच मिनिटं मशीनचं उठणं-बसणं पाहिलं आणि म्हणाला, "सर, दोन झालेत."

"काय दोन झालेत?"

"राखणदार. जुना पुरता गेलाच नाही, अन् नवा येऊन बसला."

मग त्याने समजावून सांगितलं. अँटिव्हायरस हा साधा नोकर नसतो. चोर सगळ्यांच्या आधी घरात शिरतो, म्हणून राखणदाराला त्याच्याही आधी उठावं लागतं. यासाठी त्याला यंत्राच्या अगदी गाभ्यात, जिथे बाकीच्या कार्यक्रमांना मज्जाव असतो तिथे, जागा देतात. वरच्या मजल्यावरचा एखादा नोकर चक्कर येऊन पडला तर तो एकटा पडतो. गाभ्यातला पडला तर सगळं घर बसतं. यंत्र घाबरून आपणच बंद होतं आणि पुन्हा सुरू होतं. सुरू झालं की पहिलं काम काय? राखणदाराला उठवणं! तो उठतो, पडतो, घर बसतं. असं हे चक्र.

"मग यावर उपाय?"

"सेफ मोड, सर."

त्याने त्या दुरुस्तीच्या पडद्यातून आत आत जात शेवटी चार नंबरची कळ दाबली. मशीन सुरू झालं, पण चेहरा निराळा. मोठमोठी अक्षरं, मागे काळी भिंत, इंटरनेट नाही, छपाई नाही, डामडौल नाही. यंत्र जगायला जेवढं लागतं तेवढंच चालू. राखणदार दोघेही झोपलेले. त्या अवस्थेत त्याने जुन्याचं उरलंसुरलं चंबूगबाळं शोधून बाहेर काढलं, नव्याला काढून पुन्हा नीट बसवलं, आणि तासाभरात मशीन शहाण्यासारखं उभं राहिलं. शिपाईदादांच्या स्लिपवर एकेचाळीस रेघा झाल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, ही रोहण्याची रडकथा. छे! मोठ्यांच्या घरीही हेच. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अमेरिकन अँटिव्हायरसच्या नव्या यादीने विंडोज एक्सपीमधली एक अत्यावश्यक फाईल व्हायरस ठरवली आणि कोंडून टाकली. मशीनं पुन्हा पुन्हा सुरू होत राहिली. राखणदाराने चोर म्हणून पकडला तो घरधनी! आणि १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या राखणदाराने रोजच्यासारखी एक लहानशी फाईल जगभर पाठवली, तिच्यात चूक निघाली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रं निळी पडली. कंपनीने दीड तासाच्या आत चूक मागे घेतली. पण जे यंत्र उभंच राहत नाही त्याला ही बातमी कोण सांगणार? पुष्कळ ठिकाणी माणसाने एकेका यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून, ती फाईल हाताने पुसावी लागली. आपल्याकडे विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास पेनने लिहून दिले. रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दहाच बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला. एक कारण असं, की तो राखणदार आपल्याकडे मोजक्याच बँकांनी ठेवला होता. गरिबीचेही काही फायदे असतात.

मग राखणदार ठेवूच नये का? हेही बरं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोर शिरले आणि ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. हे वाचलं तेव्हा आमच्या मॅनेजरसाहेबांनी तीन वेळा कुलूप ओढून पाहिलं होतं. चोर खरे आहेत, म्हणून राखणदार हवा. राखणदार कामाचा हवा, म्हणून त्याला गाभ्यातली किल्ली द्यायला हवी. आणि गाभ्यातली किल्ली दिली, की चोराला जेवढं नुकसान करता येईल तेवढंच राखणदारालाही करता येतं, तेही चांगल्या हेतूने. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कोणाकडे मागायची, हे आपले पूर्वज विचारून गेले. उत्तर मात्र त्यांनी सिलॅबसबाहेर ठेवलं.

मी हे सगळं मोठ्या तोऱ्यात मॅनेजरसाहेबांना ऐकवत होतो. तेवढ्यात काउंटरवर एक हात आला.

ती म्हातारी सकाळपासून बसली होती. सकाळपासून कसली, त्या आठवड्यातली तिची तिसरी खेप. खातं केवायसीवाचून अडकलं होतं. आत चोवीसशे रुपये होते आणि वर्ध्याला शिकणाऱ्या नातीचं खोलीभाडं थकलं होतं. केवायसीला अंगठा लागतो. तिने चाळीस वर्षं कापूस वेचला, निंदण केलं. बोटांवरच्या रेषा बोंडांच्या टोकांनी केव्हाच पुसून टाकल्या. मी सोमवारी तिचा अंगठा लावला, मशीन म्हणालं ओळख पटत नाही. मी म्हटलं, उद्या या. मंगळवारी लावला, पटेना. म्हटलं, उद्या या, पण हात धुऊन या. आज ती हात घासून आली होती, आणि आज मशीनच पडलं होतं.

"सुदारलं का बाबू तुमचं मशीन?"

"सुधारलं आजी. लावा अंगठा."

तिने लावला. लाल दिवा. पुन्हा लावला. लाल दिवा. माझ्या तोंडात "उद्या या" तयारच होतं. तेवढ्यात ती सहज म्हणाली,

"मशीन नाई वयखत त नाई वयखत, बापा. तुमी त वयखता ना मले?"

वाचकहो, अकरा वर्षं मी या काउंटरला बसतो. अकरा वर्षं ती माझ्याकडे येते. तिच्या नातीच्या बारशाचे पेढे मी खाल्ले आहेत. आणि ती कोण आहे हे मी सोमवारपासून एका लाल दिव्याला विचारत होतो. ती येते, रांगेत उभी राहते, पडते, घरी जाते, सकाळी पुन्हा उठून येते. तिच्या रेघा स्लिपवर कोणी मारल्या नव्हत्या. घरधन्याला चोर समजणारा राखणदार अमेरिकेतच असतो असं नाही. तो बी.कॉम.ही असू शकतो.

आता नियम मोडावा, असं माझं म्हणणं नाही. नियम मोडणाऱ्या क्लार्कच्या गोष्टी सिनेमात गोड लागतात, बँकेत त्यांची चौकशी होते. खरी लाज पुढेच आहे. नियमात वाट होती. म्हातारपणाने अंगठा उमटत नसेल, तर बँकेच्या माणसाने कागदपत्रं पाहून ओळख पटवावी, असं रिझर्व्ह बँकेनेच लिहून ठेवलं आहे. मला ते ठाऊक होतं. पण त्यात फॉर्म भरायचा, मूळ कागद पाहायचे, नकलांवर सह्या करायच्या, कारण लिहायचं, साहेबांकडे जायचं. लाल दिव्यात यातलं काहीच नसतं. 'सुरक्षा' म्हणून मी जे राखत होतो, त्यात सुरक्षा किती आणि माझा आळस किती, याचा ताळा मांडला तर बेरीज जुळली नसती.

मी फॉर्म काढला. सेफ मोडच म्हणा ना: डामडौल बंद, समोर माणूस, हातात कागद. वीस मिनिटं लागली. साहेबांनी सही केली. चोवीसशे रुपये मोजून घेताना म्हातारीने प्रत्येक नोट उजेडात धरून पाहिली.

"आजी, बँकेवर विश्वास नाही का?"

"हाय ना बापा. पण पाहून घ्याव."

लोप्ससाहेबांना जे सुचलं नाही, ते तिने चार शब्दांत सांगितलं. पाचपैकी पाच.

चार दिवसांनी संध्याकाळी पडद्याच्या कोपऱ्यात पुन्हा तो चौकोन उगवला. नवी आवृत्ती आली आहे. आत्ता की नंतर? माझं बोट सवयीने 'नंतर'कडे गेलं. मग थांबलं. टाळलं तर चोराला दार उघडं, आणि 'नंतर या' हे मी त्या आठवड्यात पुरेसं म्हणून झालं होतं. मी आधी पुलगावच्या त्या पोराला फोन लावला.

"उद्या गावातच आहेस ना रे?"

"आहे ना सर. काऊन?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि 'आत्ता'वर बोट ठेवलं.

शिपाईदादांनी न सांगता एक कोरी स्लिप काढून ठेवली.