गप्प यंत्राचं पान

जामखेडच्या एका शाळेत संगणक शिकवणारी एक तरुण शिक्षिका होती. पावसाचा अंदाज कसा काढतात, हे मुलांना करून दाखवायचं तिच्या मनात होतं. बालाघाटच्या डोंगररांगेतला हा तालुका पावसाच्या बाबतीत कायम उपाशी. जून लागला की पेरायचं की थांबायचं, यावर घराघरात खल चालतो. चुकलं तर बियाणं जातं आणि त्यासाठी काढलेली उधारी डोक्यावर राहते. त्यामुळे हा विषय मुलांना समजावून सांगायला तिला वेगळं काही करावं लागलं नाही.

पुण्याला पाषाणमध्ये भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तिथे २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक बसला आणि २०२४ मध्ये ‘अर्का’. सगळ्या पृथ्वीवरच्या हवेचे चौकोन पाडायचे आणि ते हजारो प्रोसेसरांना वाटून द्यायचे, असं अंदाजाचं काम चालतं. पूर्वी हा चौकोन साधारण १२ किलोमीटरचा असे. मे २०२५ पासून तो ६ किलोमीटरचा झाला आहे. प्रत्येक प्रोसेसर आपल्या वाट्याचं गणित करतो. पण वारा चौकोनाच्या कडेशी थांबत नाही, म्हणून दर पावलाला शेजाऱ्याकडून कडेचे आकडे मागून घ्यावेच लागतात. एकाने उत्तर दिलं नाही तर बाकीचे सगळे खोळंबतात. अशा समांतर संगणनातली खरी अडचण गणिताची कमी आणि या देवाणघेवाणीची जास्त आहे, असं माझं मत आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणन-संशोधन संस्था स्थापन झाली, डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला, तेव्हाही अनेक छोट्या प्रोसेसरांना एकमेकांशी बोलतं करणं हाच कामाचा गाभा होता.

हेच लहान प्रमाणात करून दाखवायला शिक्षिकेने एका कार्यालयातून मोडीत निघालेले सहा संगणक मिळवले. नेटवर्कच्या एका स्विचला सगळे जोडले, लिनक्स टाकलं, यंत्रांना एकमेकांशी बोलतं करणारं ओपन एमपीआय हे सॉफ्टवेअर टाकलं, आणि तालुक्याच्या नकाशाचे सहा तुकडे करून त्यावर ढग सरकवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. मुलांना गोळा करून पहिल्या यंत्रावरून हुकूम सोडला. पडद्यावर उत्तर आलं: ‘ऑर्टेड’ नावाचा प्रोग्रॅम सापडत नाही.

तिला वाटलं, इन्स्टॉलेशन नीट झालं नाही. पहिल्या यंत्रावरचं सॉफ्टवेअर काढून तिने परत टाकलं. तीच ओळ. मग सोर्स कोड उतरवून स्वतः कंपाइल केलं, ते वेगळ्या फोल्डरमध्ये बसलं, आणि जुनंही यंत्रावर राहिलं. आता चूक बदलली. प्रोग्रॅम चालू झाला, पण सहाही प्रक्रिया सांगू लागल्या की मी शून्य क्रमांकाची आणि आम्ही एकूण एकच. सहा जणी, प्रत्येकीला वाटतंय मी एकटीच. शिक्षिकेने पहिलं यंत्र पुसून परत पहिल्यापासून सुरुवात केली. दिवसामागून दिवस गेले. मुलं येऊन विचारत, “बाई, आज चालणार का?” आणि ती पहिल्या यंत्रासमोरून हलत नसे.

तिची आजी तालुक्यातल्या एका खेड्यात आरोग्यसेविका होती. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले आणि त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पुढे गावोगावच्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कित्येक जणी शाळेची पायरी न चढलेल्या होत्या आणि अनेक जणी दलित वस्तीतल्या होत्या. नाडी बघणं, बाळंतपण करणं, लेकराचं वजन घेणं त्या शिकल्या. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजही जामखेडचं नाव जगात जिथे घेतलं जातं तिथे बहुधा याच कामामुळे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

एका संध्याकाळी नात घरी आली, जेवणाकडे लक्ष नाही. आजीने विचारलं, “काय गं, काय बिनसलंय?”

“आजी, सहा यंत्रं जोडलीत. पहिलं सारखं चूक दाखवतंय. त्याचं सगळं करून झालं.”

“आन बाकीची पाच काय म्हणत्यात?”

“ती काहीच म्हणत नाहीत. चूक पहिल्यावरच दिसते.”

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने जुनी हकिकत काढली. “आमच्या गावात एक बाई सारखी लेकरू घिऊन यायची. ताप, खोकला. औषध दिलं की आठ दिस बरं, मग परत तेच. मी जामखेडला शिकायला जायची तर डॉक्टरीणबाई म्हनल्या, लेकराला किती वेळा तपासशील? घरात कोण कोण निजतं ते बघितलंस का? मी गेले. आतल्या खोलीत सासरा खोकत पडलेला. टीबी. त्यो कधी दवाखान्यात आलाच नाय. तक्रार लेकराची, दुखणं म्हाताऱ्याचं.”

“मग?”

“मग मी वही केली. लिहायला तवा नुकतीच शिकले व्हते. घरागणिक एक पान. आलेल्याचं बी आन न आलेल्याचं बी. न आलेल्याचं पान कोरं ऱ्हायलं की मी त्या घरी जायची.”

नातीने यावर काही बोलून दाखवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेत तिने मुलांकडून शंभर पानी वही मागून घेतली. सहा यंत्रं, सहा पानं. प्रत्येक पानावर तेच प्रश्न: तुझं नाव काय, तुझा पत्ता काय, तुझ्याकडे एमपीआयची कोणती आवृत्ती आहे आणि ती कुठे बसली आहे, पहिल्या यंत्राला तू पासवर्ड न विचारता आत घेतोस का, घड्याळात किती वाजले. पावसाचा प्रोग्रॅम तिने बाजूला ठेवला. एकेका यंत्राला दुरून एवढंच करायला सांगितलं: स्वतःचं नाव छाप.

दुसऱ्याने छापलं. तिसऱ्याने छापलं. चौथ्यावर तीच जुनी ओळ आली, ऑर्टेड सापडत नाही.

मग ती उठून चौथ्या यंत्रासमोर जाऊन बसली. तिथे बसून बघितलं तर ऑर्टेड होता, चालतही होता. तिने नीट शोधलं. सॉफ्टवेअर कुठे आहे हे सांगणारी ओळ तिने सेटिंगच्या फाइलीत अगदी शेवटी लिहिली होती. त्या फाइलीच्या सुरुवातीलाच एक अट होती: समोर माणूस बसलेला नसेल तर पुढचं वाचू नकोस. एमपीआय दुरून एसएसएचने आत शिरतं तेव्हा समोर कुणी नसतं. म्हणजे तपासायला माणूस बसला की यंत्र ठीक, माणूस उठला की आजारी. ओळ वर नेऊन ठेवली. चौथ्याने नाव छापलं.

पाचवं आणि सहावं पान भरताना कळलं की तिथे जुनी आवृत्ती आहे आणि पहिल्यावर तिनेच कंपाइल केलेली नवी. शिवाय पहिल्या यंत्रावर हुकूम सोडणारा प्रोग्रॅम एका एमपीआयचा आणि आतली लायब्ररी दुसऱ्याच एमपीआयची. सहा जणींनी एकमेकींना ओळखलं नाही ते यामुळे, आणि तो आजार पुन्हा पुन्हा केलेल्या औषधातून आला होता. तिने सगळीकडून सगळं काढलं, एकच आवृत्ती एकाच ठिकाणी बसवली, पावसाचा प्रोग्रॅम नव्याने कंपाइल केला. सहाही यंत्रांनी आपलं नाव आणि बरोबर क्रमांक छापला.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग खरा प्रोग्रॅम सोडला आणि तो गोठला. चूक नाही, सूचना नाही, नुसता थांबलेला पडदा.

माणसं सर्वांत जास्त इथेच हरतात. चूक छापणारं यंत्र निदान काहीतरी सांगतं. गप्प राहणाऱ्यापुढे धीर सुटतो आणि हात परत सगळं पुसून टाकायच्या बटणाकडे जातो. शिक्षिकेचाही गेला असेल. पण समोर वही होती. तिने दोन-दोन यंत्रांच्या जोड्या लावल्या आणि त्यांना एकमेकांशी एक आकडा बदलून घ्यायला लावला. एक आणि दोन, चाललं. दोन आणि चार, चाललं. तीन आणि पाच, गोठलं. त्या दोघांची पानं शेजारी ठेवून एका आठवीतल्या मुलीने बोट ठेवलं: “बाई, या दोघांचा एक पत्ता सारखाच आहे.”

खरंच होता. दोन्हींवर पूर्वी कुणीतरी आभासी यंत्रं चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्याने प्रत्येकाच्या आत एक खोटं जाळं तयार केलं होतं आणि दोघांनाही तिथे १९२.१६८.१२२.१ हाच पत्ता दिला होता. तिसरं यंत्र पाचव्याला निरोप त्या पत्त्यावर धाडी आणि निरोप त्याच्याच दारात परत येई. नाव छापायला शेजाऱ्याशी बोलावं लागत नाही, म्हणून आधीच्या परीक्षेत हे दोघे पास झाले होते. शिक्षिकेने एमपीआयला बजावलं की फक्त स्विचला लागलेल्या वायरीचाच रस्ता वापर. तालुक्याच्या नकाशावर ढग सरकायला लागले, चौंडीवरून, खर्ड्याच्या किल्ल्यावरून.

पुढच्या वर्षी शाळेला आणखी दोन जुने संगणक मिळाले. बाई त्या दिवशी नगरला गेल्या होत्या. मुलांनीच खोली उघडली आणि वायर लावायच्या आधी सातवं आणि आठवं पान आखलं. आठव्यावर सॉफ्टवेअर उतरेना. यंत्र म्हणे, सर्व्हरवरची यादी अजून वैध झालेली नाही. एक मुलगा म्हणाला, इंटरनेट खराब आहे, राऊटर बंद करून चालू करू. ती मुलगी, आता नववीतली, म्हणाली, “थांब, घड्याळाचा रकाना भरायचा राहिलाय.” घड्याळात २०१५ साल होतं. यंत्राच्या आतला नाण्याएवढा सेल संपला होता. मुलाने तो काढून खिशात टाकला आणि तसाच दुसरा आणायला पेठेतल्या घड्याळाच्या दुकानाकडे निघाला.