जरा मागे फिरली तर?

गीतेच्या तेराव्या अध्यायाचे निरूपण चालू असता एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "शास्त्रीबुवा, जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांतील दोष वारंवार पाहावा, असे श्रीभगवंत सांगतात. पण आता जराच मागे फिरविता येईल, असे ऐकतो. मग या उपदेशाचे काय?" त्यांच्या पत्नीची दृष्टी काचबिंदूने मंदावत चालली आहे, हे मला मागाहून कळले.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. क्योटो येथील शिन्या यामानाका यांनी २००६ साली दाखविले की, उंदराच्या पेशीत चार विशिष्ट जनुके घातली असता ती गर्भातील आद्य पेशीसारखी होते. या शोधासाठी २०१२ साली जॉन गर्डन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु अशी पेशी बालरूप होते, तशीच आपण त्वचेची की नेत्राची, हेही विसरते. जिवंत उंदरांत ही जनुके अखंड चालविली, तेव्हा देहात अर्बुदे उठली. म्हणून कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेच्या संशोधकांनी वेगळा मार्ग धरला. शीघ्र वार्धक्याचा रोग असलेल्या उंदरांत त्यांनी ती दोन दिवस जागी करावी, पाच दिवस निजवावी, असा क्रम ठेवला. त्या उंदरांचे आयुष्य वाढले आणि पेशींनी आपले नेमून दिलेले काम सोडले नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. २०२० साली हार्वर्डच्या संशोधकांनी अर्बुदाशी संबंध असलेले एक जनुक वगळून उरलेल्या तिहींचा उपयोग केला. काचबिंदूसारखा विकार जडलेल्या उंदरांची दृष्टी काही अंशी परतली.

दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंशापासून बुद्धिनाश व त्यापासून सर्वनाश अशी उतरण दाखविली आहे. पेशीला बुद्धी नाही, दृष्टांत फार ताणू नये; तथापि स्वधर्म विसरलेले तारुण्य देहालाच गिळते, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

असो. जरेचा दोष पाहणे म्हणजे औषध नाकारणे नव्हे. आयुर्वेदाच्या आठ अंगांत रसायन हे एक अंग आहेच. तरुण झालेली पेशीही क्षेत्रच; विकार तिला सुटत नाहीत, ती पुन्हा त्याच वाटेने जीर्ण होणार. दोषदर्शन हे या अस्थिरतेचे दर्शन आहे, वयाच्या अंकाचे नव्हे.

गृहस्थ म्हणाले, "लगेच पुढे पुत्र, दारा, गृह यांत आसक्ती नसावी असे आहे. मग मी हिच्यासाठी आशा धरणे चूक का?"

मी म्हणालो, "आसक्ती सोडावयाची, सेवा नव्हे. त्या वैद्यकाचे मनुष्यासाठी सिद्ध औषध अद्याप झालेले नाही. त्याची वाट पाहत आजचे थेंब चुकवू नका. गेलेली दृष्टी ते परत आणीत नाहीत, उरलेली राखतात."

पुढील रविवारी ते पत्नीला हात धरून घेऊन आले. पूर्वी पोथी त्या वाचीत. आता हे वाचतात आणि उच्चार त्या सुधारतात. बसता बसता त्यांनी विचारले, "या अध्यायाचे किती श्लोक राहिले?"