तलंगांना वेळ द्या

चि. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. ‘आजी, अजून एकही अंडं नाही’ हे तू दोनदा लिहिलंस आणि दुसऱ्या वेळी खाली रेघ ओढलीस. शेजारच्यांच्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या विसाव्या आठवड्यालाच अंड्यावर आल्या, आपल्या चोवीस आठवड्यांच्या झाल्या तरी काही नाही, म्हणून बाबा म्हणतोय की आता रस्सा करू. त्याला सांग, आजीने नाही म्हटलंय.

पिंजऱ्यातली जात अंड्यासाठीच तयार केलेली असते. ती 18 ते 20 आठवड्यांत सुरू होते. तुझ्याकडे दोन वनराजा आहेत आणि दोन गावरान. वनराजा ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्राने परसात मोकळं हिंडायला म्हणून काढलेली जात, तिला सुमारे सहा महिने लागतात. गावरान तर सात-आठ महिनेही घेते. त्यात तुझ्या तलंगा जुलैतल्या, ऐन वयात आल्या तेव्हा नेमका डिसेंबर लागला. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. उजेड डोळ्यांतून जातोच, पण कवटीच्या पातळ हाडातूनही मेंदूपर्यंत पोचतो, आणि दिवस मोठा होतोय हे तिथे उमगलं की अंडाशय कामाला लागतं. सध्या आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा आहे. संक्रांत येऊ दे, तिळातिळाने वाढेल.

खुराड्यात रात्री दिवा लावू का, असं विचारलंस. नको, बाळा. अंग भरायच्या आत कोंबडीला अंड्यावर आणलं तर अंडी बारीक येतात, कधी अंडं आत अडकतं आणि कोंबडी हातची जाते. एका अंड्याच्या घाईसाठी एवढा धोका मला पटत नाही.

त्यापेक्षा त्यांच्याकडे नीट बघायला शीक. तुरा आधी फिक्कट, कोरडा असतो. तो वाढून रसरशीत लाल झाला की दिवस जवळ आले. पाठीवर हात नेलास की तलंग पळायची सोडून पंख जरा फाकवते आणि पाय रोवून खाली दबते, ती तर अगदी जवळची खूण. माझ्या सासूबाई आणखी एक गोष्ट करायच्या. कोंबडी काखेत धरून शेपटीखाली दोन बाजूंना लागणारी हाडांची टोकं चाचपायच्या. मध्ये एकच बोट मावलं तर ‘अजून वेळ आहे’, दोन-तीन बोटं मावली तर ‘आली’. मलाही त्यांनीच शिकवलं. हलक्या हाताने कर आणि संध्याकाळी कर, तेव्हा त्या शांत असतात.

चुन्याचं मात्र सांभाळ. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं, पण वाढत्या पिल्लांना अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य लवकर घातलं तर मूत्रपिंडं बिघडतात. म्हणून शिंपल्यांचा चुरा खाद्यात मिसळायचा नाही, वेगळ्या वाटीत ठेवायचा. जिला हवा ती खाते. आमच्याकडच्या तिसऱ्यांचे शिंपले भाजून, कुटून पिशवी भरली आहे. उद्याच्या एस.टी.ने निघेल.

आणि अंडं नाही असं म्हणण्याआधी शोधलंस का? माझं लग्न झालं त्या वर्षी आमची एक तांबडी तीन आठवडे नुसती खात होती. मी तिच्यावर रागावले, तिचे दाणे कमी केले. एका सकाळी सगळी कामं टाकून पडवीत बसले आणि ती कुठे जाते ते पाहिलं. इकडे तिकडे बघत ती लाकडांच्या रचीमागे शिरली. मागे भाताच्या पेंढ्यात नऊ अंडी, एकमेकांना टेकून. पाण्यात टाकून पाहिली, दोन तरंगली, बाकीची बुडाली. त्या दिवशी मी तिला मूठभर तांदूळ जास्त घातले, तरी तीन आठवड्यांचे कापलेले दाणे मला अजून टोचतात. तेव्हा आधी खुराड्यात एक आडोशाची, अंधारी जागा कर. पाटीत पेंढा घाल आणि नदीतला एखादा गुळगुळीत पांढरा गोटा ठेव. इथेच घालायचं, हे त्यांना त्यावरून समजतं.

पहिलं अंडं छोटं असेल, तीस-चाळीस ग्रॅमचं. कवचावर रक्ताची बारीक रेघ दिसली किंवा कवच मऊच आलं तर घाबरू नकोस, सुरुवातीला होतं असं. रोजच्या रोज मिळेल अशीही आशा धरू नकोस. बलक आठ-दहा दिवस भरत असतो, आणि तो सुटल्यापासून अंडं बाहेर यायला चोवीस ते सव्वीस तास लागतात. त्यातले वीस तास तर नुसतं कवच चढण्यात जातात. म्हणून वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मग एखादा दिवस खाडा पडतो. आणि ही सुरुवातीची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नकोस. बारक्या अंड्यातलं पिल्लू अशक्त निघतं. ती घरात खा.

मानमोडीची लस राहिली असेल तर या आठवड्यात पशुवैद्यकांकडे जाऊन ये. बाबाला गाडी काढायला लाव, म्हणजे रश्श्याचं त्याच्या डोक्यातून जाईल. अंडं मिळालं की कुणी घातलं, कुठे आणि किती वाजता, ते मला लगेच लिहून कळव.

तुझी,
आजी