श्रद्धेची कसोटी : नरेंद्र दाभोलकरांचे लेखन आणि शिंगणापूरचा चौथरा

श्रद्धा कोठे संपते आणि अंधश्रद्धा कोठे सुरू होते, या प्रश्नाला अलीकडच्या मराठी निबंधात सर्वांत चिकाटीने भिडले ते डॉ. नरेंद्र दाभोलकर. जन्म १ नोव्हेंबर १९४५, सातारा. वैद्यकीय पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे दवाखाना चालवला. कबड्डीत शिवछत्रपती पुरस्कार मिळवला. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि १९९८ पासून अखेरपर्यंत ते साने गुरुजींनी सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक होते. ‘श्रद्धा-अंधश्रद्धा’, ‘ऐसे कैसे झाले भोंदू’, ‘तिमिरातुनी तेजाकडे’ ही त्यांची पुस्तके चळवळीतूनच आली. म्हणूनच त्यांचा निबंध सभेत बोलल्यासारखा वाटतो. समोरच्याचा आक्षेप आधी नीट मांडायचा आणि मगच त्याला उत्तर द्यायचे, ही त्याची रीत.

दाभोलकर स्वतः नास्तिक होते. समितीची भूमिका मात्र देव-धर्माबाबत तटस्थतेची ठेवली गेली, आणि ही तटस्थता डावपेच म्हणून स्वीकारलेली नव्हती. राज्यघटनेने प्रत्येकाला उपासनेचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याच घटनेने वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. दोन्ही गोष्टी एकत्र पाळायच्या तर देव आहे की नाही हा वाद बाजूला ठेवावा लागतो आणि दुसराच प्रश्न पुढे येतो : या समजुतीची किंमत कोण मोजतो? नवसापायी कर्जात बुडणारे घर, चेटकीण ठरवून गावाबाहेर काढलेली बाई, दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेलेले सर्पदंशाचे पोर. दाभोलकरांच्या लेखनाचे खरे बळ या प्रश्नात आहे. देवाचे अस्तित्व तर्काने सिद्ध किंवा असिद्ध करू पाहणाऱ्या अनेक ग्रंथांपेक्षा हा प्रश्न वाचकाच्या अधिक जवळ पोहोचतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. तपासून पाहिली तर ती श्रद्धा कसली? भक्ताचे समर्पण हिशेब मागत नाही, आणि बुद्धीच्या तराजूत घालण्याची ती वस्तूच नव्हे. हा आक्षेप हलका नाही. पण त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या धर्मपरंपरेतच सापडते. ‘ऐसे कैसे झाले भोंदू’ हे पुस्तकाचे नाव तुकोबांच्या अभंगातले आहे. तुकोबांनी ढोंगी साधूंची कठोर परीक्षा घेतली, म्हणून त्यांची विठ्ठलभक्ती उणावली नाही. गाडगेबाबांनी कीर्तनातूनच पशुबळी आणि कर्ज काढून केलेल्या यात्रा यांवर कोरडे ओढले. दाभोलकर याला धर्माची विधायक चिकित्सा म्हणत आणि समितीच्या कामाचे ते एक सूत्रच होते.

या विचाराची कसोटी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात लागली. तिथल्या नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. उघड्या चौथऱ्यावरची शिळा आणि दरवाजे नसलेली घरे ही या गावाची ख्याती. स्त्रियांना चौथऱ्यावर चढायला मनाई होती; त्यांनी दर्शन खालूनच घ्यायचे. २००० साली समितीने याविरुद्ध आंदोलन पुकारले. डॉ. श्रीराम लागू, एन. डी. पाटील, बाबा आढाव, पुष्पा भावे अशी माणसे त्यात होती; पोलिसांनी त्यांना वाटेतच अडवले. शनीला न मानणाऱ्यांनी शनीच्या चौथऱ्यासाठी का भांडावे, अशी विचारणा झाली. प्रश्न शनीच्या सामर्थ्याचा नव्हताच. ज्या बाईची श्रद्धा आहे, तिला केवळ ती बाई आहे म्हणून खाली उभे करायचे का, एवढाच होता.

दुसरी लढाई कायद्याची. जादूटोणाविरोधी विधेयकासाठी दाभोलकरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. या विधेयकामुळे वारी आणि कीर्तनही गुन्हा ठरेल, असा प्रचार झाला. प्रत्यक्षात डिसेंबर २०१३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन यांना स्पष्ट मोकळीक आहे. बंदी आहे ती नरबळी आणि अघोरी प्रथांना. हा कायदा पाहायला दाभोलकर नव्हते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असता गोळ्या झाडून त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला. खुनाच्या खटल्यात १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे निर्दोष सुटले.

शिंगणापुरात नोव्हेंबर २०१५ मध्ये एक स्त्री चौथऱ्यावर चढली, तेव्हा शिळेला दुग्धाभिषेक करून शुद्धी करण्यात आली. १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पूजास्थानांतील प्रवेशाचा १९५६ चा कायदा पाळण्याची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा स्त्रियांना खुला केला.