अंदाज आपला, वचन कुणाचं?

फेब्रुवारी २०२२. आयपीएलच्या लिलावात चेन्नई सुपर किंग्जने महाराष्ट्राचे दोन वेगवान गोलंदाज घेतले. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर १.५ कोटींना, आणि पुण्यात शिकायला येऊन क्रिकेटपटू झालेला डावखुरा मुकेश चौधरी २० लाखांना. राजवर्धन आठवडाभरापूर्वीच एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकून आला होता. त्या दिवशी कुणी फँटसीवाल्याने ‘उद्याचे गोलंदाज’ अशी यादी केली असती, तर वर कोण आणि खाली कोण यावर वादच झाला नसता.

मग सीझन झाला. राजवर्धनला एकही सामना मिळाला नाही. मुकेश १३ सामने खेळला आणि त्याने १६ विकेट काढल्या, त्यातल्या चार १ मे रोजी आपल्या गहुंज्यात, हैदराबादविरुद्ध. याद्या उलट्या झाल्या. पुढच्या वर्षी ३१ मार्चला राजवर्धनने पदार्पणातच गुजरातचे तिघे बाद केले, आणि मुकेश पाठीच्या दुखापतीने अख्ख्या सीझनला मुकला. पुन्हा उलट. २०२४मध्ये मुकेश परतला तो एका सामन्यापुरता, आणि त्याच्या एकुलत्या एका षटकात २७ धावा गेल्या.

आता सांगा, कुठल्या वर्षीची यादी बरोबर होती?

अमेरिकेत बेसबॉलच्या फँटसीवाल्यांनी याचं जवळजवळ शास्त्र केलंय. तिथे मायनर लीग म्हणून क्लबांचे खालच्या पातळीचे संघ असतात, पोरं तिथे काही वर्षं घासतात आणि मग वर जातात. त्या पोरांची क्रमवारी लावणं हा मोठाच उद्योग आहे. पण पिचर, म्हणजे तिथला गोलंदाज, यादीत आला की त्याच लोकांमध्ये एक जुनं वाक्य फिरतं: होतकरू पिचर नावाची गोष्टच अस्तित्वात नसते. कारण सोपं आहे. कोपर, खांदा कधी जाईल याचा नेम नाही. ब्रायन टेलर १९९१ साली संपूर्ण देशातून पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, न्यूयॉर्क यँकीजने १५.५ लाख डॉलर दिले. १९९३मध्ये एका मारामारीत त्याचा खांदा दुखावला. मुख्य लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही.

आपल्याकडे कोपराच्या जागी पाठ. वेगवान गोलंदाज पुढचा पाय आपटतो, त्याच क्षणी कंबर मागे आणि बाजूला वाकते, आणि हे तो दिवसातून शंभरदा करतो. अठरा-एकोणीसच्या वयात मणक्याचं हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. बारीक तडा जातो, महिने जातात. म्हणजे ज्या वयाची आपण यादी करतो, नेमकं तेच वय सगळ्यात ठिसूळ.

पण अंदाज चुकतात ही माझी तक्रार नाही. अंदाजाने चुकायचंच असतं. मला खटकतं ते त्यानंतरचं बोलणं. ‘धोका दिला.’ ‘फुकट घालवलं टॅलेंट.’ ‘याला कॅप्टन केला आणि याने माती केली.’ भाषा बघा, ही सगळी वचनभंगाची भाषा आहे. वचन कुणी दिलं होतं? तुळजापूरच्या पोराने तुम्हाला काही कबूल केलं नव्हतं. अंदाज तुम्ही बांधला, त्याला न विचारता. आणि वसुली मात्र त्याच्याकडून.

यावर मित्रांचं उत्तर ठरलेलं: पैसे लावलेत, मग चिडायचा हक्क आहेच. आहे ना, पण कुणावर? पैज तुमची आणि अ‍ॅपची, किंवा तुमची आणि समोरच्या खेळाडूची. गोलंदाज त्या व्यवहारात कुठेच नाही. एकोणपन्नास रुपये तुमचे गेले, कंबर त्याची गेली. हे दोन एकाच वजनकाट्यावर तुलायचे कसे?

मग याद्याच नकोत का? तेही मला पटत नाही. यादी म्हणजे लक्ष देणं. कुणीतरी नाव लिहून ठेवतं म्हणून तुळजापूरहून पोरगा चेन्नईला पोचतो. गहुंज्यात २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीग होते, तीही एका परीने यादीच. फरक असा, की क्लबचा निवडकर्ता यादी करतो तेव्हा तिचा भार त्याच्यावर येतो. चेन्नईने मुकेशला गोलंदाजी करता येत नव्हती त्या वर्षानंतरही संघात ठेवलं. आपण तोवर त्याला एका टॅपमध्ये काढून टाकलं होतं. निवडण्याचा मान हवा आणि थांबण्याचं ओझं नको, हे फक्त प्रेक्षकालाच परवडतं.

ही सवय आपण क्रिकेटमध्ये शिकलो असंही नाही. बोर्डाची गुणवत्ता यादी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, पण पुण्यात कुठल्याही चौकात उभे राहा, क्लासच्या फ्लेक्सवर टॉपरांचे फोटो आहेतच. त्यातल्या एखाद्याने पुढे इंजिनिअरिंग सोडलं की नातेवाईक म्हणतात, ‘वाटलं नव्हतं याच्याकडून.’ त्याच्याकडून! वाटलं तर तुम्हाला होतं, काका.

ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, ड्रीम ११च्या पैशांच्या स्पर्धाही थांबल्या. मला वाटलेलं, आता जीभ जरा सौम्य होईल. तसं फार काही दिसत नाही. फुकटच्या टीमसाठीसुद्धा लोक तेवढीच शिवी देतात. म्हणजे राग पैशांचा नव्हताच बहुतेक. आपण ओळखलं होतं, आणि पोराने आपल्याला खोटं पाडलं, हा होता.

जूनमध्ये गहुंज्यात एमपीएल सुरू झाली की मीही यादी करणार आहे. वेगवान गोलंदाजांच्या नावापुढे या वर्षी एक रकाना जास्त आहे: गेल्या दोन वर्षांत किती महिने बाहेर होता. तो रकाना भरलेला असला म्हणून कुणाला खाली ढकलायचं का, हे अजून ठरत नाहीये.